दौलत म्हणे

दौलतकाकांनी हात वर केला आणि उकंडाकाकांची ढोलक मध्येच थांबली. सकाळपासून हे असंच चाललं होतं. काचेपलीकडे बसलेल्या बिपिनशेठनी टेप बंद केला आणि माइकमधून विचारलं, "आता काय झालं, दौलतराव?"

"काही नाही. सुपारी अडकली घशात."

काकांच्या तोंडात सुपारी नव्हती. सकाळपासून त्यांनी मिठाच्या कोमट पाण्याशिवाय काहीच घेतलं नव्हतं. थर्मास माझ्याच हातात होता, म्हणून मला ठाऊक. त्यांच्या मागे मांडी घालून बसलेल्या शीलवंतनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर खाली केली.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या मार्चमधली, नागपूरची. इतवारीत एका भांड्यांच्या दुकानावर बिपिनशेठचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली एक खोली. आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. खाली कोणी पितळेचं भांडं वाजवून पाहिलं की वर गाणं थांबवावं लागायचं. त्या खोलीत 'दौलत गजघाटे आणि पार्टी'ची पहिली कॅसेट भरली जात होती. चाळीस वर्षं काका जयंतीच्या स्टेजवर गात होते. गावोगावच्या सवाल-जवाबाच्या सामन्यांत त्यांनी भल्याभल्या पार्ट्यांना पाणी पाजलं होतं, पण नावावर कॅसेट एकही नव्हती. त्यांच्या मागून आलेल्यांच्या चार-चार कॅसेटी पानठेल्यांवर वाजत होत्या. आता ही निघणार होती, आणि चौदा एप्रिलच्या आधी निघाली तरच तिला अर्थ होता. जयंती झाल्यावर भीमगीतांची कॅसेट म्हणजे वरात गेल्यावर आलेला बँड.

पहिली बाजू भरून झाली होती. दुसऱ्या बाजूचं एकच गाणं राहिलं होतं आणि ते नेमकं वरच्या पट्टीतलं होतं.

"पुन्हा घेऊ," काका म्हणाले.

ढोलकीवर थाप पडली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला आवाज वर चढला, तिथेच फाटला आणि मग नुसती हवा आली. या वेळी काकांनी हात वर केला नाही. ते तोंड उघडं ठेवून तसेच बसून राहिले.

शीलवंत त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा लंगोटीयार. मी त्याला शीलू म्हणायचो, तो मला सुग्या. हाक मारली की मान वर न करता "काय बे" म्हणायची त्याची सवय होती. पार्टीत त्याचं काम लोकांना दिसायचं नाही. सामन्यात समोरच्या पार्टीनं गाण्यातून सवाल टाकला की जवाब जागेवरच बांधावा लागतो. तो बांधायचा शीलवंत. काकांच्या मागे बसून तो पुढची ओळ त्यांच्या कानात सांगायचा आणि काका ती अशी उचलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्याच पोटातून आली. लोक नोटा ओवाळायचे, हार घालायचे, ते सगळं काकांना. शीलवंत मागे बसून ढोलकीच्या दोऱ्या ताणत असायचा.

आमच्याकडच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात नाव घेतात. ज्याचं नाव, त्याचं गाणं. शीलवंतनं बांधलेल्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'दौलत म्हणे' असायचं. त्यात चोरी नव्हती, तो रिवाजच होता. काका स्वतः त्यांच्या उस्तादाच्या नावानं किती वर्षं गायले होते. पण शीलवंतचा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. एका तरी गाण्यात, एकदा तरी, 'शीलवंत म्हणे'. बाकी त्याला काही नको होतं.

हे वेड आधीपासूनचं असेल, पण त्याला वारं घातलं एका कॅसेटनं.

कमाल चौकाजवळ माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक गाण्यांची नावं सांगायचं, मी त्याला कॅसेट भरून द्यायचो. कोरी कॅसेट महाग पडते म्हणून बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून जुन्या इंग्रजी कॅसेटी ढिगानं आणायच्या, पुन्हा भरता यावं म्हणून वरच्या भोकांवर चिकटपट्टी लावायची आणि आतलं पुसून त्यावर आपलं भरायचं, हा माझा धंद्यातला शहाणपणा. अशाच एका ढिगात ती होती. कव्हर नाही, लेबल घासून पांढरं झालेलं. मी चिकटपट्टी लावलीसुद्धा होती. पुसण्याआधी शीलवंतनं सहज लावून पाहिली.

आधी एक खोकला आला. घशाचा नाही, छातीतला. मग खोकणाऱ्यानं एक शब्द म्हटला, आम्हाला न कळलेला. मग ढोल सुरू झाला आणि त्याच्यावर तो माणूस बोलायला लागला.

सदर आणि सिव्हिल लाइन या साहेबी वस्त्यांतली पोरं तेव्हा रॅप म्हणजे नाचायची गाणी समजायची. कॉलेजच्या गॅदरिंगला उलटी टोपी घालून कोणीतरी हातवारे करायचा आणि पोरी हसायच्या. हा तसा नव्हता. गिरणीतली पाळी संपवून आलेला माणूस दारात बसून बोलावा तसा तो बोलायचा, पण एक अक्षर ठेक्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. आम्हाला इंग्रजी येत होतं ते दहावीत काठावर पास होण्यापुरतं. तरी शीलवंत डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, "सुग्या, हा तं जवाब देऊन राहिला बे. कोणीतरी याले सवाल टाकला हाय."

त्यानं चिकटपट्टी सोलून काढली, म्हणजे त्यावर चुकूनही काही भरलं जाऊ नये. प्रत्येक गाण्याआधी तो खोकायचा, म्हणून आम्ही त्याचं नाव खोकल्या ठेवलं.

"शेवटी नाव घेत असंल ना हा?" शीलवंत विचारायचा. "घेतच असंल. आपल्याले ओळखू येत नाही."

आता नव्वदच्या दशकातल्या त्या हिपहॉपची आठवण काढणारे खूप निघालेत. तेव्हा जन्मलेही नव्हते ते ढगळ टी-शर्ट घालून ठरावीक चार नावं घेतात आणि उसासे टाकतात. मोठे होते ते, वाद नाही. पण खोकल्याचं नाव कोणी घेत नाही. मी इंटरनेटवर महिनोन्महिने शोधलं, तुटक्यामुटक्या इंग्रजीत लोकांना विचारलं. कुठे काही नाही. एवढा कसबी माणूस, एक कॅसेट काढून गेला आणि ती नागपूरच्या फुटपाथवर पुसली जायला आली. दुनियेचा न्याय सगळीकडे सारखाच असावा.

त्याचा ढोलवाला थकत कसा नाही, याचा विचार करता करता मला कळलं की तो वाजवतच नाही. एकच तुकडा पुन्हा पुन्हा जोडलाय. माझ्याकडे दोन खणांचा डेक होता. उकंडाकाकांच्या ढोलकीचा एक तुकडा घेतला, एका खणात वाजवला, दुसऱ्यात भरला, पॉजचं बटण दाबलं, मागे नेला, पुन्हा वाजवला. बोटाला घट्टा पडला तेव्हा कुठे एका गाण्यापुरता ठेका तयार झाला. उकंडाकाकांना ऐकवला तर ते काळजीत पडले. "मी येवढा वेळ एकच काऊन वाजवून राहिलो बे? माह्या डोक्यावर परिणाम झाला का?"

त्या ठेक्यावर शीलवंतनं पहिलं स्वतःचं बांधलं. काका ज्या कापडगिरणीत कामाला होते ती बंद पडली होती, त्यावर. ते त्यानं दुकानात मला म्हणून दाखवलं तेव्हा मी उठून शटर अर्धं ओढलं. गिऱ्हाईक येऊ नये असं वाटलं.

हे काकांच्या कानावर गेलं. त्यांनी दुकानात येऊन ऐकलं, शेवटपर्यंत. शेवटी 'शीलवंत म्हणे' आलं तसे ते उठले.

"हे गाणं नव्हे, बोलणं हाय," ते म्हणाले. "आन् नाव कोणाले इचारून घेतलं?"

"तुमाले इचाराले तं बलावलं, बाबा."

"उस्ताद जित्ता हाय तवरिक पोरगं त्याच्या नावानं गाते. मी गायलो. उस्ताद गेला, तेराव्याले मी पयल्यांदा 'दौलत म्हणे' म्हणलं आन् स्टेजवर रडलो. नाव असं भेटते. मागून नाही भेटत."

शीलवंत बापाशी उलटं बोलणारा नव्हता. पण त्या दिवसानंतर ठेक्याची कॅसेट तो खिशात घेऊन फिरायला लागला. स्टुडिओतसुद्धा ती त्याच्या खिशात होती. काम झाल्यावर बिपिनशेठना ऐकवायचा त्याचा विचार होता, वडील घरी गेल्यावर.

तर स्टुडिओत काका तोंड उघडं ठेवून बसले होते. बिपिनशेठ काचेमागून बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. पण प्रती काढायला टेप घेऊन त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होती.

"दौलतराव, आराम करा. गळा आहे, कधीकधी नाही म्हणतो," ते म्हणाले. "पण बी साइडला चार-पाच मिनिटं उरतात. तेवढी पट्टी रिकामी सोडली तर गिऱ्हाईक कॅसेट वापस आणतो. असं करू, संपत खोब्रागडेच्या पार्टीचं एक गाणं माझ्याजवळ पडून आहे. ते टाकून देतो. कव्हरवर दोघांचीही नावं टाकू."

काकांच्या तोंडावरचं रक्त उतरलं. संपत खोब्रागडे म्हणजे त्यांचा वीस वर्षांपासूनचा सामनेवाला. आयुष्यात एक कॅसेट निघणार आणि तिच्या कव्हरवर, आपल्या नावाशेजारी, त्याचं नाव. काका उठले आणि जिन्यात जाऊन पायरीवर बसले. मागोमाग आम्ही तिघं गेलो. शीलवंत, उकंडाकाका आणि थर्मास घेऊन मी.

खाली भांड्यांच्या दुकानात कोणीतरी पाणी भरायचा पितळी गुंड वाजवून पाहत होतं. तो आवाज थांबला तेव्हा काका म्हणाले, "शीलू, तुहं ते बोलणं चार मिनिटं भरते का?"

"कोणतं?"

"गिरणीचं."

"भरते. पण ते गाणं नाही म्हणता ना तुमी."

"मी काय म्हणतो ते सोड. ते कर. आन् शेवटी तुहं नाव घे."

शीलवंतनं वर पाहिलं. हीच गोष्ट तो लहानपणापासून मागत होता. मला वाटलं, आता याचा चेहरा फुलेल. तो फुलला नाही.

"आज काऊन देऊन राहिले?" त्यानं विचारलं.

"तू मांगतलं होतं."

"तवा तुमी नाही म्हणलं. आज काऊन, बाबा?"

काका भिंतीकडे पाहत राहिले. उकंडाकाका पायरीवर खाली बसले आणि म्हणाले, "सांगून टाक ना दौलत. केवा सांगशीन?"

"गाठ हाय गळ्यात," काका म्हणाले. बाजारातून काय आणायचं ते सांगावं अशा आवाजात. "मेडिकलच्या डाक्टरनं सांगतलं, होळीच्या आंधी. कापलं तं आवाज जाते. नाही कापलं तं मी जातो."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"कॅसेट होऊ दे म्हणलं."

शीलवंतनं माझ्या हातातून थर्मास घेतला, झाकणात पाणी ओतलं, स्वतःच्या ओठाला लावून गरम किती आहे ते पाहिलं आणि बापाच्या हातात दिलं. "प्या," म्हणाला. मग खिशातली कॅसेट काढून मला दिली आणि आत गेला.

बिपिनशेठनी आधी नाक मुरडलं. "हे काय, नुसतं बोलतो?" पण काका म्हणाले, "माह्या पार्टीचं हाय, मीच सांगतो ना," आणि शेठनी खांदे उडवले. त्यांना पट्टी भरण्याशी मतलब. मी स्टुडिओतला डेक जोडला. माइकसमोर काकाच बसलेले होते. जागा द्यायला ते उठू लागले, उठताना त्यांना ढास लागली, खोलवरून, छातीतली. ती थांबल्यावर त्यांनी माइकसमोरून तोंड न हलवताच मागच्या पोराला म्हटलं, "हं. शीलू."

टेप फिरत होता. शेठनी तो आधीच चालू केला होता.

शीलवंत माइकसमोर बसला. जन्मात पहिल्यांदा तो पुढे होता आणि काका त्याच्या मागे, गादीला टेकून. ठेका सुरू झाला. त्यानं डोळे मिटले.

गिरणी गेली, भोंगा गेला, बाप तरी उठते,
रिकामा डबा मांडीवर घेऊन खाटेवर बसते.
इचारलं मी, कुठी जाता? म्हणे, पाळी हाय माही.
बाबा, गेट गंजलं आता, आत कोणी नाही.

दुकानात मी ते कितीदा ऐकलं होतं. पण त्या दिवशी तो ते ऐकवत नव्हता, सांगत होता, आणि ज्याला सांगायचं तो पाठीमागे बसला होता. उकंडाकाका आपल्याच ढोलकीचा ठेका ऐकत मांडीवर बोटांनी ताल धरत होते. काचेमागे बिपिनशेठची हालचाल थांबली होती. काकांनी खोकला येऊ नये म्हणून उपरण्याचा बोळा तोंडावर दाबला होता, आणि त्यांचे डोळे वाहत होते. खोकल्यानं की कशानं, ते मी कसं सांगणार.

मग शेवटचं कडवं आलं. गेल्या हिवाळ्यापासून तो या एका ओळीवर घासत होता. 'शीलवंत म्हणे' हे ठेक्यात किती जागा घेतं, ते त्यानं बोटांवर मोजून बसवलेलं होतं.

भोंगा बंद पडला तरी पाळी नाही सरत,
दौलत म्हणे...

आणि तिथे पोकळी राहिली. दौलत हे नाव शीलवंतहून तोकडं. ठेका पुढे गेला आणि ती रिकामी जागा तशीच ऐकू आली. मग तिच्यामागून ओळ पुरी झाली,

...गळा बसते, गाणं नाही बसत.

काकांनी हात वर केला. सकाळपासून करत होते तसाच, थांबवा म्हणून. पण शेठ त्यांच्याकडे पाहतच नव्हते. ठेका संपेपर्यंत टेप फिरला आणि मग त्यांनी तो बंद केला.

"नाव चुकलं," काका म्हणाले. "पुन्हा घे."

"नाही चुकलं."

"मी देल्लं होतं तुले."

"मी नाही घेतलं." शीलवंतनं त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "तुमच्या उस्तादाचं नाव तुमी केवा सोडलं?"

"तो गेल्यावर," काका म्हणाले.

"मंग?" शीलवंत म्हणाला.

चाळीस वर्षं सामने जिंकलेल्या माणसानं उपरणं पुन्हा तोंडाला लावलं. मी डेकची वायर गुंडाळायला घेतली.

कॅसेट वेळेवर निघाली. कव्हरवर काकांचा फेटा बांधलेला फोटो होता आणि खाली एकच नाव. बरी चालली. शेवटचं गाणं लागलं की लोक पट्टी पुढे पळवायचे. दोघं-तिघं माझ्या दुकानात ती परत घेऊन आले, म्हणे काका शेवटी नुसतेच बोलून राहिले, कॅसेटीत फॉल्ट आहे. बापलेकांचा आवाज तसाही एका मुशीतला. हे दुसरंच कोणी आहे, असं कोणाच्या मनातही आलं नाही. मी एकदा सांगायला तोंड उघडलं तर शीलवंतनं काउंटरखालून पाय दाबला.

काकांनी गळा कापू दिला नाही. श्रावणात ते गेले. तेराव्याला पार्टी बसली, लोक जमले, उकंडाकाकांनी थाप मारली. सगळे शीलवंतकडे पाहत होते. आता नाव त्याचं होतं, रिवाजानं, कोणाला न विचारता. त्यानं उस्ताद म्हणून बापाला वंदन केलं, त्याची दोन गाणी म्हटली आणि दोन्हींच्या शेवटी 'दौलत म्हणे' म्हणून उठला.

पुढे मी खूप मागे लागलो. "आतातरी घे ना बे नाव. आता कोणाची आडकाठी हाय?"

"मले कानात सांगाची सवय हाय, सुग्या," तो म्हणाला. "आता कोणाच्या कानात सांगू?"

त्यानं पुन्हा काही बांधलं नाही. वीज कंपनीच्या ठेकेदाराकडे मीटर वाचायला लागला. दारोदार फिरून आकडे टिपायचा. मग कॅसेटी गेल्या, माझं दुकान गेलं, त्याच जागी मी मोबाइल दुरुस्ती सुरू केली. शीलवंत कधीमधी येऊन बसायचा. एका उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. अंगावर काढली आणि गेला. चाळिशीही गाठली नाही. दिवसकार्य झाल्यावर त्याची बायको मला खोकल्याची कॅसेट देऊन गेली. म्हणाली, "हे तुमालेच द्या म्हणत होते." माझ्याकडे ती वाजवायला यंत्रही उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझी मुलगी यशू दुकानात आली आणि तिनं फोन माझ्या कानाला लावला. "पप्पा, हे ऐका. नागपूरचा पहिला रॅपर. शहाण्णव साल म्हणे. अख्ख्या कॉलेजात वाजतंय." आधी खोकला आला, मग एक घोगरा आवाज म्हणाला, "हं. शीलू." माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

कोणाला तरी ती कॅसेट कुठल्या तरी ढिगात सापडली होती. मी यशूला सगळं सांगितलं. तिनं त्या गाण्याखाली लिहिलं, हा आवाज दौलत गजघाटे यांचा नाही, त्यांच्या मुलाचा, शीलवंतचा आहे. कोणीतरी लगेच उलट लिहिलं, गाण्यातच म्हणतात की, दौलत म्हणे. कान साफ करा. यशू भांडायला निघाली, मी तिला थांबवलं. काय सांगणार? ज्याचं नाव, त्याचं गाणं. रिवाज आमचाच होता.

हिवाळ्यात त्या पोरांनी एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. दुपारची वेळ, यशू मला ओढून घेऊन गेली. स्टेजवरच्या पडद्यावर काकांचा फेट्यातला फोटो होता. त्याखाली लिहिलं होतं, विसरलेला उस्ताद. निवेदन करणारा पोरगा मनापासून बोलत होता. म्हणाला, ऐका, 'दौलत म्हणे'नंतर ते कसे थांबतात. ही डेअरिंग आज कोणात आहे? पोरांनी टाळ्या पिटल्या. मी त्या पोकळीत बसणारं नाव मनात म्हणून पाहिलं. ते तिथे अजून बरोबर बसत होतं.

मग त्यांनी त्या जुन्या तुकड्यावर केलेलं नवं गाणं लावलं. सुरुवातीचा खोकला आणि त्यामागचा शब्द त्यांनी कापून, जोडून, पुन्हा पुन्हा वाजवला. तो शब्द काय आहे, कोणी विचारत नव्हतं. खोकल्याही खोकून काहीतरी म्हणायचाच की, आणि आम्ही कुठे विचारलं होतं. त्याच्याही मागे कोणीतरी बसलेलं असेल. तिकडेही कोणी तरी ते नाव ओळखणारा उरला असेल आणि कुठे तरी गप्प बसला असेल.

स्टेजवरच्या पोरानं माइक आमच्याकडे धरला. ढास वाजली, छातीतली, दौलतकाकांची. आणि सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं, "शीलू."

पुन्हा ढास, पुन्हा "शीलू." यशूसुद्धा ओरडत होती, आणि ओरडताना रडत होती. माझ्याच्यानं ओरडवलं नाही. हाक मारली की तो मान वर न करता "काय बे" म्हणायचा. एवढी माणसं हाक मारत होती. मी कान देऊन बसलो होतो.